लंगडी रिफ

५ फेब्रुवारी

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

महिनाभर तुझ्या पत्राची वाट पाहिली, शेवटी मीच लिहायला बसलो. आम्ही तिघेही ठीक आहोत. म्हणजे पन्नाशीला टेकलेले तीन बाप्ये हेवी मेटल वाजवून जितके ठीक असू शकतात तितके. आमचा गायक डॉक्टर दिवसभर लोकांना आ करायला लावून त्यांचे दात काढतो आणि संध्याकाळी स्वतः आ करून डरकाळ्या फोडतो. हल्ली एक गाणं झालं की त्याचा घसा बसतो आणि मग तो खुणांनी भांडतो. ड्रमवाला पोस्टमन दारोदार फिरून इतका थकलेला येतो की दोन गाण्यांच्या मधे बसल्या बसल्या पेंगतो. माझा उजवा गुडघा सुजलाय. चष्म्याच्या दुकानात दिवसभर स्टुलावर बसून भिंगं घासतो तोवर बरा असतो, पण तालमीची खोली टायरवाल्याच्या वर दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथे पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो.

आता कामाचं. आठ गाणी झाली, नववं अडलंय. स्टुडिओ वीस मार्चला मिळालाय. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं की हा आपला शेवटचा अल्बम, आणि शेवटचं गाणं जमणार नसेल तर तो काढूच नये, इथेच थांबावं. चुकीचं बोलला असंही नाही. पण बावीस वर्षं वाजवून आठ गाण्यांवर गप्प बसायचं माझ्या जिवावर येतं. तू नेहमीसारखी रिफ आकड्यांत लिहून पाकिटात घाल. फोनवर गुणगुणू नकोस, तुझा गळा कसा आहे ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

कळावे. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायचे कष्ट घेऊ नकोस.

तुझा,
बारक्या


१३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुडघ्याच्या बाबतीत तू बाबांवर गेलास म्हणायचा. फरक इतकाच की त्यांचा पाय कारखान्यात मशीनखाली सापडला आणि तुझा स्टेजवर नाचून गेला. शेक घे आणि नाचणं बंद कर.

रिफ पाठवायची राहिली नाही रे, झालीच नाही. कारण सांगते, हसू नकोस. आमच्या हॉस्पिटलच्या धुलाईखात्यातलं तीन नंबरचं मशीन दुरुस्त झालं.

तुला कधी सांगितलं नव्हतं. त्या मशीनचा एक बेअरिंग अकरा वर्षं खराब होता. चादरी पिळायला लागलं की ते लंगडायचं. आधी तीन ठोके, मग दोन, मग दोन, असे मोजून सात. दिवसभर ते कानात घेऊन घरी यायचं, कॉटवर बसून गिटारच्या जाड तारेवर तेच वाजवायचं, त्यावर दोन-चार सूर चढवायचे, झाली तुझी रिफ. त्याआधी दुसऱ्या लाँड्रीत होते, तिथलंही एक मशीन असंच होतं. तुम्ही मला मोठी कलावंत समजत होतात, खरी कलावंत मशीनच होती. गेल्या महिन्यात मेकॅनिक आला आणि अर्ध्या तासात बेअरिंग बदलून गेला. आता ते सरळ चालतं, एक-दोन-तीन-चार. बायकांची डोकेदुखी थांबली, सगळ्या खूश. मी एकटी तोंड पाडून घड्या घालते.

माझ्या कामावरच्या जोडीदारणीने विचारलं, रिफ म्हणजे असतं तरी काय. मी सांगितलं, गाण्याचा कणा. चार सुरांचं एकच वाक्य परत परत म्हणायचं, पण असं की ऐकणाऱ्याची मान हलली पाहिजे. ती म्हणाली, मग तर तिच्या सासूबाईंना रिफ छान जमते.

मी दमलेय, बारक्या. पाठ धरते, बोटं सोड्याने सोलून निघालीत. या वेळची तू लिही. इतकी वाजवलीस, एक लिहायला काय हरकत आहे?

जपून राहा. बाकी सगळं त्याच त्याच चादरी.

ताई


२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नऊ रिफा केल्या. सगळ्या सरळ चारात, सगळ्या दार ठोठावल्यासारख्या. नववी ऐकून पोस्टमन म्हणाला, अशी दारं तो रोज ठोठावतो, त्यासाठी एवढा जिना चढून यायची गरज नाही. मग मुद्दाम सातात बांधायला गेलो तर कुणीतरी हिशेब करून चालतंय असं वाटायला लागलं. डॉक्टरने माइकची वायर गुंडाळून ठेवली. घसा बसला नव्हता, तरी.

मला जमत नाही ताई. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटते. बावीस वर्षं लोक माझ्या हाताकडे बघत आले आणि त्या हातात स्वतःचं काहीच नव्हतं. तू एकदा जाऊन त्या मशीनमध्ये खडा टाकतेस का?

उत्तराची वाट बघतो.

बारक्या


३ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

मशीनमध्ये खडा टाकायला मी काही तुझ्याएवढी पोरकट नाही. आणि हातात काही नव्हतं हे कोणी सांगितलं तुला? मी पाठवायचे ते आकडे. तुझ्या हातात आल्यावर त्यांचं गाणं व्हायचं. तुझी रिफ ऐकून पोरं उड्या मारतात, माझे आकडे बघून पोस्टमनसुद्धा मारणार नाही.

विसरलास का, सुरुवात कशी केली आपण? माझ्या पहिल्या पगाराची ती काळी गिटार. बाबांनी बजावलं होतं की घरात असला गोंगाट चालणार नाही, आधी तुझं शिक्षण. मग ते कामावरून यायच्या आत वाजवायचं. खालच्या जिन्यावर त्यांचा पाय वाजला की तू दाराला कान लावायचास, ते वळणावर दम खायला थांबले की मी गिटार कॉटखाली सरकवायची, आणि ते दारात येईपर्यंत आपण दोघं पुस्तक घेऊन बसलेलो. बाबा गेले, पण त्यांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. त्या भीतीतही तुझी बोटं बरोबर पडायची. आता घाबरायला तर कोणीच नाही.

हिशेब करू नकोस. तुझ्या आसपास काही ना काही बिघडलेलं असेलच, या वयात असतंच. त्याचा आवाज ऐक.

औषध घेतोस ना? मला खोटं कळवू नकोस.

ताई


११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ही घे. सगळी जाड तारेवर, आकडे पडद्यांचे, शून्य म्हणजे मोकळी तार, तळहाताने दाबून:

शून्य शून्य तीन, शून्य पाच, शून्य सहा. हे चार वेळा. मग थांबा, तार बंद, मोजून सात काहीही नाही. मग पुन्हा पहिल्यापासून.

आता कुठून आली ते. परवा तालमीला जिना चढत होतो. चांगला पाय, दुखरा पाय, आणि कठड्याला धरलेला हात. पुढच्या दोन पायऱ्यांना हात लागत नाही, नुसते पाय. मग परत हात. तीन, दोन, दोन. तिथेच उभा राहून मी हसलो. तुझं मशीन माझ्या गुडघ्यात येऊन बसलं होतं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. वर पोस्टमन एकटाच आला होता आणि एक अवघड तुकडा घोटत होता, पुन्हा पुन्हा चुकत होता. मी वळणावर थांबलो. आपण एकदम आत गेलो तर तो ओशाळेल, त्याचं आवरू दे, मग जाऊ, म्हणून. आणि थांबल्यावर लक्षात आलं की गुडघा दुखत नाहीये. तो चढताना दुखतो. वळणावर जमीन सपाट आहे, तिथपर्यंत पोचल्यावर दम खायला क्षणभर पुरतो. बाबा किती वेळ थांबायचे, आठवतंय? तू गिटार सरकवायचीस, चादर ओढायचीस, पुस्तक उघडायचीस, तरी ते थांबलेलेच असायचे.

ताई, ते दम खात नव्हते. आपलं आवरू देत होते.

हे खरंच तसं असेल, की मीच मनाचं रचतोय? तू मोठी आहेस, तू सांग. दोघांना अजून वाजवून दाखवलेली नाही. तुझा होकार आला तरच नेईन.

वाट बघतो, घाईने.

बारक्या


१६ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

कामावरून आले तर तुझं पाकीट दारात. मी नेहमीप्रमाणे आधी आकडेच पाहिले, पुढचं पत्र वाचलं नाही. चपला काढल्या, कॉटवर बसले, गिटार घेतली. चार वेळा वाजवलं आणि थांब्यावर आले. सात मोजायचे होते. तीनपर्यंत मोजले असतील, तोवर मी उठून गिटार कॉटखाली सरकवली होती. चादरसुद्धा ओढली. एकावन्न वर्षांची बाई, घरात एकटी. आपण हे काय केलं ते कळेना, म्हणून तुझं उरलेलं पत्र वाचलं.

तू मनाचं रचत नाहीस. तुझ्या शेवटच्या परीक्षेच्या महिन्यात मी गिटार कपाटात बांधून ठेवली होती, आठवतं? त्या महिन्यात बाबा वळणावर थांबत नव्हते. तोच पाय, तोच जिना, सरळ वर यायचे. मला तेव्हा वाटलं, पाय सुधारला. इतकी वर्षं मला तेच वाटत होतं.

मी रडले, तुझ्यापासून काय लपवायचं. त्यांनी कधी एका शब्दाने सांगितलं असतं तर त्यांना समोर बसवून ऐकवलं असतं. पण स्वतःच गोंगाट नको म्हटलं होतं, ते त्यांनाही मागे घेता आलं नसेल. आणि ते लंगडं मशीन मला अकरा वर्षं का आवडत होतं हेही आज कळलं.

रिफ तशीच ने. पोस्टमन थांबा भरायला बघेल, ड्रमवाल्यांना रिकामी जागा बघवत नाही. भरू देऊ नकोस. तिथे बाबा उभे आहेत.

आता पत्र संपवते आणि गिटार कॉटखालून काढते. पहिल्या चार ओळी वाजवून झाल्यात, थांबाही झाला. त्याच्या पुढचं आपण त्यांना कधीच ऐकवलं नाही, ते वाजवते. खिडकी उघडीच ठेवलीय.

लोभ होताच, आपल्यालाच ऐकू आला नव्हता.

तुझी,
ताई