फाटक्या कानाची

डोंगरचौकी, टेक्सस
१२ एप्रिल
चि. नेस्टर यास, अ. उ. आ.
दालिया मैत्रिणींबरोबर इथे मुक्कामाला येतेय, वाचून बरं वाटलं. पण आमच्या भाचीबाईंना बजावून ठेव. तंबूत खाण्याचा कण नको; टूथपेस्ट, ओठांचं मलमसुद्धा नको. सगळं तळावरच्या लोखंडी पेटीत ठेवून कडी लावायची. पेटी नसेल तिथे चौकीवरून दिलेला जाड डबा, तोही तंबूपासून शंभर पावलं दूर. पिशवी झाडाला टांगू म्हणेल. वाळवंटातली आमची बुटकी झाडं म्हणजे अस्वलाला खुर्च्याच! आणि तुझ्या बायकोचे मक्याच्या सालीत उकडलेले तामाले पहिल्याच दुपारी संपवा म्हणावं, त्यांचा वास नदीपार जातो.
आजोबांच्या काळात इथली सगळी अस्वलं मारली गेली होती. ही आपली आपण नदी ओलांडून परत आली. फाटक्या कानाच्या मादीला यंदा दोन पिल्लं आहेत. माणसाचं अन्न तिने अजून चाखलेलं नाही.
भावाला लोभाची आठवण करून द्यावी लागू नये.
तुझी ताई,
ओफेलिया

एल पासो
२४ एप्रिल
ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.
दालिया परत आल्यापासून धड जेवत नाही. अस्वलाने तंबू फाडला, आत कोणी नव्हतं, एवढंच म्हणते. चालून पायांचे तुकडे पडले होते, पिशवी पेटीत टाकायची राहिली म्हणे. ताई, चूक झाली. पण चौकशीच्या कागदावर तिचं नाव घालू नकोस. तिला वनखात्यातच जायचंय, तुझ्यासारखं. पोरीचं आयुष्य आहे गं.
रागावलीस तरी परकं करू नकोस.
तुझा,
नेस्टर

डोंगरचौकी
३० एप्रिल
चि. नेस्टर यास, अ. उ. आ.
उशिरा लिहितेय.
तुमच्या पोरी गेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी ती मादी दुसऱ्या तंबूत शिरली. तिथे खायला काही नव्हतं, सात वर्षांची मुलगी झोपलेली होती. खांद्याला बावीस टाके पडले. वाचली. मग वरून हुकूम आला. तिच्या वाटा मला ठाऊक, म्हणून बंदूक माझ्याच हातात दिली. ती पळाली नाही रे. माणूस दिसला म्हणून जवळ आली.
एक पिल्लू झाडावरून उतरवून प्राण्यांच्या अनाथालयात पाठवलं. दुसरं परवा ओढ्यात मेलेलं सापडलं.
दालियाचं नाव मी लिहिलंय. पुढे लिहिलंय, ‘पिशवी पेटीत ठेवायला विसरली.’ दुसऱ्याच्या मुलीचं लिहिलं असतं, मग माझ्या भाचीचं कसं गाळू?
माझ्यापासून तुटू नकोस, एवढंच मागते.
ओफेलिया

एल पासो
६ मे
ती. आत्यास, शि. सा. न.
तुमचं पत्र बाबांनी मला दाखवलं नाही. मी त्यांच्या खणातून काढून वाचलं.
मी बाबांशी खोटं बोलले. पेटी चाळीस पावलांवर होती, आणि पिशवी आधी तिच्यातच ठेवली होती. संध्याकाळी समोरच्या उतारावर पिल्लं दिसली. मैत्रीण म्हणाली, जवळ आली तर काय फोटो मिळेल! मी पेटी उघडली. तामाले सोलून तंबूच्या दारात मांडले आणि आम्ही खडकामागे बसलो. पिल्लं आली नाहीत. आई आली. आधी ती लांबच उभी होती. मी आणखी एक फेकला.
फोटो चांगला आलाय. पुसवत नाही मला.
त्या मुलीच्या घरचा पत्ता द्या, मी जाईन. आणि कागदावरचा ‘विसरली’ हा शब्द खोडा.
माया ठेवा, असं लिहायचा हक्क नाही.
दालिया