पहिला येईल तो आमचा अनातोल

२८ जून, रविवार

आजपासून रोज लिहायचं. शाळेत मी दोनच हिवाळे गेले, पण अक्षर चांगलं मोठं आहे माझं. बारीक अक्षर काढणारी माणसं कंजूस असतात, हे मी पाहिलंय.

तर लिहिण्यासारखी गोष्ट अशी की अनातोल, माझा नातू, फ्रान्सभोवतीच्या सायकल-शर्यतीत उतरतोय. अख्ख्या देशाला वळसा घालायचा आणि शेवट पॅरिसला. पहिला येणार. पण हे मी कुणालाही सांगणार नाही. उगाच दृष्ट लागते. निश्चय.

संध्याकाळी. फक्त कॅफेवाल्या झेलीला सांगितलं. पाववाल्याने आपणहून विचारलं, मग खोटं कसं बोलणार? आणि पाद्रीबाबांना सांगणं हे काही सांगण्यात धरत नाहीत.

४ जुलै, शनिवार

गेला पोरगा. पुलापर्यंत बदकं त्याच्या मागे गेली. यांची आई कोल्ह्याने नेली, अंडी चुलीमागे अनातोलनेच उबवून काढली. डोळे उघडले तेव्हा समोर हा. तेव्हापासून तोच त्यांची आई. तो अंगणात सायकल फिरवायचा आणि ही मागे रांगेत, जशी काय मिरवणूक. मका रोज मी घालते, पण मी हाक मारली तर एक मान वळवेल तर शपथ. बदकाला अक्कल कमीच.

जिल्ह्याच्या गावच्या सायकलच्या दुकानवाल्याने त्याला शब्द दिलाय. पॅरिसला पोचलास तर दुकानात कामाला घेतो. वाटेत शर्यत सोडलीस तर नाही. म्हणजे मग पुन्हा गिरणी, पुन्हा पिठाची पोती आणि तो खोकला. जाताना म्हणाला, "आजी, कितवा का येईना, पोचलो की झालं." किती विनय! माझ्यावर गेलाय.

मला एक चष्मा देऊन गेला. खणात ठेवलाय. माझी नजर उत्तम आहे. काल अंगणातून झेलीच्या मांजराला हुसकावलं. ती झेलीची लोकरीची टोपी निघाली, पण लांबून कुणालाही मांजरच वाटली असती.

१५ जुलै, बुधवार

झेलीने पेपर आणून नावं वाचून दाखवली. वाचतेय, वाचतेय, अनातोल येईच ना. अगदी तळाशी आला.

"फिलोमेन," म्हणते कशी, "खालून पहिला आहे गं तुझा."

मी म्हटलं, "जेवणात गोड कधी वाढतात? शेवटीच ना?"

ती एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. शिवाय तो ताकद राखून चाललाय, हे पेपरवाल्यांना कळत नाही.

२१ जुलै, मंगळवार

शनिवारी शर्यत आमच्या गावातून जाणार! आणि झेलीच्या कॅफेत टेबल मांडणार. प्रत्येक सायकलवाल्याने थांबून तिथे सही करायची. संध्याकाळची घंटा झाली की पॅरिसचा साहेब वही मिटणार, आणि ज्याची सही राहिली तो शर्यतीतून बाद. कॅफेचं ठरल्यापासून झेली महापौराच्या बायकोसारखी चालते. कंबर तीच, चाल नवी.

तिने नियमही ऐकवले. सायकल मोडली तर ज्याची त्याने नीट करायची. रस्त्यात कुणी घोटभर पाणीसुद्धा द्यायचं नाही. दिलं तर शिक्षा, आणि ती सायकलवाल्याला.

मी म्हटलं, "हे परक्यांसाठी. आजी काय परकी?"

"आजी सगळ्यात धोक्याची," झेली म्हणाली.

तर माझा प्लॅन. धोबीघाटाच्या वळणावर, जिथे कुणी बघत नाही, तिथे सूप घेऊन उभं राहायचं. अनातोल पहिला येईल, सूप पिईल, पुढे जाईल. तो गेला की बदकांचं दार उघडायचं. रस्ताभर बदकं झाली की मागचे मागेच. बदकांना कोण काय म्हणणार? हा प्लॅन माझ्या पोटातच राहील.

रात्रीचं जेवण झेलीकडे होतं. पोटात राहिला नाही.

२५ जुलै, शनिवार, सकाळी

आला! पहिला! मी म्हटलं नव्हतं?

कोबी, घेवडा आणि डुकराचं खारवलेलं मांस घालून सूप केलं होतं. वळणावर धुळीचा लोट दिसला आणि त्यातून एकटाच आला. मागे कुणी नाही. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले, म्हणजे थांबलाच. दोन्ही गालांचे मुके घेतले. धुळीने नखशिखांत माखलेला. खांदे रुंद झालेत. मिशी ठेवलीय, मला न विचारता. वाडगाभर सूप एका दमात संपवलं आणि काहीतरी बोलला ते मला कळलं नाही. देशभर फिरून बोली बिघडते माणसाची. पण जाताना माझ्या हाताचं चुंबन घेतलं! हे घरी कधी केलं नव्हतं. शर्यतीने वळण लागलं पोराला.

लगेच बदकांचं दार उघडलं. आता जाऊन झेलीचा चेहरा बघते.

त्याच दिवशी, जेवणानंतर

सकाळच्यात एक बारीक दुरुस्ती. तो अनातोल नव्हता. बेल्जियमचा कुणीतरी होता.

कॅफेच्या दारातच झेली म्हणाली, "अगं, पहिला बेल्जियन गेला." मी म्हटलं, "साहेबाला नीट वाचता येत नसेल." मग साहेबाने स्वतः वही दाखवली. ठीक आहे. त्या पोरालाही आजी असेलच कुठेतरी.

पण आता बदकं आत घ्यायला हवीत, आणि ती येईनात. धोबीघाटाचं पाणी रस्त्यावर साचतं तिथे डुंबत बसलीत. मका दाखवला, ओरडले, काठी आपटली. ढिम्म! सायकलवाले आले की शहाण्यासारखी बाजूला होतात आणि पुन्हा डबक्यात. म्हणजे अडवायचं म्हटलं तर अडवतही नाहीत. सगळे पुढे गेले. आमचाच तेवढा राहिलाय.

त्याच दिवशी, संध्याकाळी

घाईत लिहितेय म्हणून अक्षर असं.

कॅफेवाले खुर्च्या आत घ्यायला लागले. साहेब घड्याळ बघत होता. घंटेवाला चर्चकडे निघालेला मी पाहिला. मी पुन्हा वळणावर जाऊन उभी राहिले. तेवढ्यात लांबून एकजण आला, पांढराफटक, पिठाच्या पोत्यासारखा. मला वाटलं गिरणीचा माणूस. मी पाठ फिरवली.

आणि बदकांनी माना वर केल्या. सगळ्यांनी एकदम! पंख पसरून, कलकलाट करत अशी धावली त्याच्या अंगावर की काय सांगू. तो ओरडला, "अरे हटा! आत्ता नाही! आत्ता नाही रे बाळांनो!"

आवाज अनातोलचा.

एक बदक चाकाखाली येऊ नये म्हणून त्याने सायकल वळवली ती थेट चरात. पुढचं चाक वेडंवाकडं. मी सूपचं पातेलं घेऊन धावले, तर कलकलाट ऐकून कॅफेतून धावत आलेला साहेब आडवा आला. "आजीबाई, बोट लावलंत तर हा इथेच बाद."

"आजी," अनातोल म्हणाला, गुडघ्यातून रक्त येत होतं, "माझी शपथ आहे तुला. हात बांध."

मी हात एप्रनखाली घातले. एका हाताने दुसरा धरून ठेवला. आयुष्यभर पडलेलं पोर दिसलं की उचललंय मी, कुणाचंही असो. आणि आज बघत उभी. तो चाक गुडघ्यात धरून पिळत होता आणि बदकं त्याच्या बुटांच्या नाड्या ओढत होती. झेलीने मागून माझी कंबर धरली. म्हणाली, "मी तुला धरते, तू त्याला धरू नकोस." पहिल्यांदाच काहीतरी धड बोलली.

चाक काही पुरतं सरळ होईना. मग त्याने सायकल खांद्यावर टाकली आणि कॅफेकडे पळत सुटला. मागे बदकं, रांगेत. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे झेली. साहेबाने तोंड वाकडं केलं. "सोबतीला कुणी चालत नाही, नियम आहे." सगळा कॅफे ओरडला, "साहेब, ती लेकरं आहेत त्याची!" साहेब हसला, तेव्हा कळलं की त्याला दात आहेत. अनातोलने सही केली. शाई वाळायच्या आत घंटा वाजली.

मग चाक ठोकून ठोकून फिरण्याइतपत केलं आणि निघाला. पातेल्याकडे नुसतं बघितलं. म्हणाला, "आजी, सूप ठेव. पॅरिसहून येऊन पितो."

सूप काय इतके दिवस राहतं? स्वयंपाकातलं काही कळत नाही या पोराला.

एकंदर प्लॅन बरा झाला. काही ठिकाणी बदकं कमी पडली.

२८ जुलै, मंगळवार

झेलीने पेपर वाचला. पुढे असलेल्या बेल्जियनला शिक्षा झाली. वाटेत एका म्हातारीच्या हातचं सूप प्यायला म्हणून.

"कोण ही बेअक्कल बाई?" मी म्हटलं.

झेली माझ्याकडे बघत राहिली. पण पेपरात स्पष्ट म्हातारी लिहिलंय. म्हणजे मी नव्हेच.

१० ऑगस्ट, सोमवार

तार आली. पॅरिसला पोचला!

शेवटचा पोचला. झेलीने ते दोनदा वाचलं, मी एकदाच ऐकलं. किती जणांनी वाटेत सोडून दिली, कुणाचे पाय गेले, कुणाची सायकल, ते सगळे याच्या मागेच धरायचे ना? मग शेवटचा कसा? दुकानवाल्याने कामाचं नक्की केलंय. गिरणी सुटली. मी रडले नाही. चुलीचा धूर होता. चूल पेटवली नव्हती, पण कालचा असेल.

१३ ऑगस्ट, गुरुवार

रविवारी येतोय. दुकानवाला आणि त्याची सगळी माणसं सायकलींवरून त्याला गावात घेऊन येणार. एकसारख्या टोप्या, एकसारखे सदरे, आणि धूळ तर आहेच. सूप नव्याने करायचं. मी सगळ्यात पुढे उभी राहणार आणि अनातोलचा मुका सगळ्यांच्या आधी मी घेणार.

झेली म्हणाली, "बाई गं, निदान त्या दिवशी तरी चष्मा लाव. नाहीतर घेशील मुका दुकानवाल्याचा."

खण उघडला. चष्मा काढला, लावून आरशात पाहिलं. समोर एक म्हातारी. चष्मा परत खणात ठेवला.

रविवारी बदकं घेऊन जाईन.