नूरबीच्या बायोडाट्यात न लिहिलेली ओळ

प्रति,
मा. बालविकास प्रकल्प अधिकारी,
तालुका कार्यालय, जि. बुलढाणा.

अर्जदार : कोकिळा पंजाबराव दामधर, वय ६९, सेवानिवृत्त अंगणवाडी सेविका, मु. पो. वरवट बकाल.

विषय : श्रीमती नूरबी गुलजार शेख यांच्या जुन्या बायोडाट्यात अनुभवाची राहिलेली ओळ जोडून घेणेबाबत.

संदर्भ : सेविका पदासाठीचे आम्हा दोघींचे अर्ज, जून १९८३.

महोदय,

१. हे सन १९८३ चे आहे. त्या वर्षी गावात अंगणवाडी मंजूर झाली आणि सेविकेच्या एका जागेसाठी दोघींनी अर्ज केले. एक मी, दुसरी माझी शेजारीण नूरबी. दोघीही सातवी पास. नूरबी उर्दू शाळेत शिकलेली, तिला मराठी लिहिता-वाचता येत नव्हते. माझे अक्षर चांगले, म्हणून दोघींचे बायोडाटा मीच लिहिले.

२. त्याआधी तीन वर्षे शेतात तण काढायला, निंदणाला जाणाऱ्या बाया आपली लेकरे नूरबीच्या अंगणात ठेवून जात. मोबदला म्हणजे सुगीला सूपभर ज्वारी. लेकरू आले की ती वाटीत एक चिंचोका टाकी, आई घेऊन गेली की एक काढी. वाटी रिकामी झाल्याशिवाय ती चुलीकडे जात नसे.

३. तिच्या घरी मी तिचा बायोडाटा लिहीत असताना ती जवळ बसली होती. म्हणाली, "मी तीन सालापासून लेकरं सांभाळून राह्यली, ते लिवजो बरं." मी म्हणाले, "त्याले का नोकरी म्हणते वं? साहेब हासतीन." ती म्हणाली, "हाव, तेही खरं हाय. तुले जास्त समजते." तिने उर्दूत सही केली. घरी आल्यावर मी माझ्या बायोडाट्यात 'लहान मुले सांभाळण्याचा तीन वर्षांचा अनुभव' अशी ओळ लिहिली. मुलाखतीत साहेबांनी विचारले, इतक्या मुलांवर लक्ष कसे ठेवता. मी चिंचोक्यांचे सांगितले. साहेबांना ते फार आवडले.

४. नेमणूक मला मिळाली. नूरबीने पेढा खाल्ला आणि चिंचोक्यांची वाटी मला आणून दिली. "आता तुलेच लागतीन," म्हणाली. ती वाटी मी अडतीस वर्षे अंगणवाडीत वापरली.

५. गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीत मुलींसाठी नोकरीचा बायोडाटा कसा लिहावा याचा वर्ग झाला. मला पाहुणी म्हणून शाल-नारळ देऊन पुढे बसवले. शिकवणाऱ्या डिंपल मॅडम म्हणाल्या, केलेले काम सगळ्यात वर लिहा, पगार मिळाला नसला तरी ते कामच असते. तेव्हा नूरबीची नात शाइस्ता उठली. "कोकिळाआजी, दादीचा बायोडाटा तुम्हीच लिवला होता ना? त्यात लेकरं सांभाळ्याचं होतं ना?" सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मी "हाव" म्हणाले. ती म्हणाली, "मंग दादीले काऊन घेतलं नसन?" मी नारळ या हातातून त्या हातात घेतला.

६. दादीच्या कामाचा एक तरी कागद असावा म्हणून शाइस्ता त्या बायोडाट्याची नक्कल मागायला आपल्याकडे येणार आहे. त्याआधी हे सांगायला मी तीनदा त्यांच्या घरी गेले. तिन्ही वेळा चहा पिऊन परत आले. तरी विनंती की, जुना कागद सापडल्यास त्याला हा अर्ज जोडून तिला द्यावा. न सापडल्यास हा एकटाच द्यावा.

७. पुढचे असे. मुलाखत घेणारे साहेब बदलून गेले, नंतर वारले असे ऐकते. नूरबीचे मालक गुलजारभाई २००९ साली वारले. अंगणवाडी उघडल्यावर नूरबीचे अंगण रिकामे झाले व ती स्वतः निंदणाला जाऊ लागली. आता तिचे गुडघे गेले आहेत, दिसतेही कमी. तिच्या अंगणात रांगलेला रवी एसटीत कंडक्टर आहे, महामाया नर्स आहे. दोघे भेटले की माझ्या पाया पडतात. मला आदर्श सेविका म्हणून सत्कार मिळाला. नूरबी अजूनही आल्यागेल्याला सांगते की, कोकिळाने माझा अर्ज लिहून दिला आणि चहासुद्धा घेतला नाही.

आपल्याच खात्याची जुनी सेविका,
कोकिळा पंजाबराव दामधर
दि. १४/१०/२०२५

सोबत :
१. नूरबीचा बायोडाटा, अनुभवासह नव्याने लिहिलेला. सहीची जागा रिकामी ठेवली आहे. सहीआधी तो तिला वाचून दाखवावा.
२. वाटी एक, चिंचोके एकवीस. शाइस्ताजवळ द्यावेत.