बंद केलेले टॅब

सूनबाई,

लॅपटॉप फारच अडकत होता, म्हणून तू शिकवलंस तसे जास्तीचे टॅब बंद करायला बसले. त्यात दुसऱ्या शहरातल्या नोकऱ्यांची पानं दिसली. मी खोलीत आले की तू घाईघाईने लॅपटॉप का मिटतेस, ते आत्ता कळलं. रागावले नाही गं. ती सगळी पानं बुकमार्क करून ‘नोकरी’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली आहेत, एकही हरवलेलं नाही. माझा मुलगा गेल्यापासून तू माझ्यापायी जीव अडकवून बसली आहेस, ते आता पुरे.

मी चष्म्याची काडी बसवून आणायला चालले आहे. तेवढ्यात अर्ज पाठवून टाक. आणि मला सोबत नेण्याचं विचारायला संकोचत असशील, तर माझं उत्तर ‘हो’ आहे.

— आई