ढोबळी मिरची आणि सोया सॉस

घाटकोपर, १९८७

प्रिय मालनताई,

तू भीमराजशी लग्न करून भांडुपला गेलीस, तेव्हापासून बाबांनी घरात तुझं नाव काढू दिलं नाही. आज मी घरीच चायनीज चिकन केलं, आपण दोघी स्टेशनबाहेरच्या गाडीवर चोरून खायचो तसं. मोठ्या आचेवर ढोबळी मिरची परतली, सोया सॉस घातला, आणि घरभर तोच वास सुटला. तुझी फार आठवण आली.

बाबा जेवता जेवता म्हणाले, "मालनला हे आवडायचं ना?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"गाडीवर दिसायच्या ना दोघी. मी पलीकडच्या फुटपाथने जायचो."

मग त्यांनी डबा भरायला सांगितला आणि तो घेऊन तुझ्याकडे निघाले. पत्राआधी तेच पोचतील, म्हणून हे टाकत नाही.

जाताना त्यांनी तुझा पत्ता विचारलाच नाही गं.

तुझीच,
शकु