उकंडरावचं नाव

३ नोव्हेंबर
पोचलो एकदाच्या लोणारला! मी, आई आणि दोन पिशव्या. या उपचारकेंद्रात मला नर्सची नोकरी लागली आणि आईच्या अल्झायमरवर इथेच फुकट उपचार होणार. अजून काय पाहिजे? आईनं बसमध्ये मला तीनदा विचारलं, बाई, तुम्ही कोणत्या गावच्या? म्हटलं, विचार खुशाल, आता थोडेच दिवस.

डॉक्टर हिमानींनी समजावलं: एका बाईच्या मूळपेशी घेतात, त्यांची जनुकं बदलतात आणि मेंदूत सोडतात. मला अर्धंच कळलं, पण विश्वास पूर्ण बसला.

६ नोव्हेंबर
डॉक्टर पुण्याच्या. आठवण तपासताना आज्यांना थेट नवऱ्याचं नाव विचारतात. कोण सांगणार? साऱ्या पदर तोंडाशी धरून गप्प, आणि मॅडम शून्य गुण देऊन मोकळ्या. मी म्हटलं, उखाणा घ्यायला लावा ना. यातल्या बनाबाई आमच्या वरवट बकाल गावच्याच, पेशी महिन्यापूर्वीच घेतलेल्या. लाजत लाजत घेतला:

“विहिरीच्या काठावर घागर ठेवली रिती,
उकंडरावचं नाव घेते, आता कायची भीती.”

टाळ्या पडल्या, पूर्ण गुण मिळाले. पण बनाबाईचे मालक गुलाबराव. त्यांच्या मयतीला मी स्वतः गेले होते.

७ नोव्हेंबर
म्हातारं माणूस, चुकायचंच. उगाच डोक्यात काहीतरी घेऊन बसते मी. आज आईला पहिला डोस दिला. हूं की चूं केलं नाही तिनं.

१९ नोव्हेंबर
आज पुरुषांच्या खोलीतल्या गोपाळ गुरुजींनी उखाणा घेतला. तोच. मान खाली घालून, नव्या नवरीसारखा. मला हसू आलं नाही.

स्वयंपाकवाल्या महामायाताई सुलतानपूरच्या. उकंडरावचं नाव ऐकून त्यांच्या हातातली पोळी खाली पडली. मागच्या अंगणात नेऊन सांगितलं: उकंडराव त्यांच्याच गावचा. बायकोला त्यानं विहिरीत ढकललं असं सारं गाव कुजबुजतं. बाई शहरातल्या दवाखान्यात कितीतरी दिवस बेशुद्ध होती, आणि तिच्या अंगातलं काहीतरी त्यानं सही करून देऊन टाकलं. मग ती गेली.

गेली कुठं?

२१ नोव्हेंबर
डॉक्टरांना सगळं सांगितलं. म्हणाल्या, शिकलेली नर्स असून अफवा काय पसरवतेस. आईच्या डोक्यात सोडलेल्या पेशी मारून टाका म्हटलं. तेव्हा मात्र खुर्चीवरून उठल्या. आता त्या मारल्या तर जे परत आलंय तेही जाईल, म्हणाल्या. सगळंच. आईसुद्धा.

देवा, कशाला आणलं मी हिला इथं.

२२ नोव्हेंबर, सकाळ
आईनं ओळखलं मला! वर्षानंतर. “रुपा” अशी हाक मारली, गालावरून हात फिरवला. मी ढसाढसा रडले. मग तिनं तोंड माझ्या कानाशी आणलं:

“रुपा, हे बाई मले बोलू नाई देऊन राह्यली व. काढ हिले.”

आणि डोळे बदलले. म्हणजे डोळे तेच, पण —

दुपार
बनाबाई, गुरुजी, सगळे आईच्या खाटेभोवती बसलेत. एकमेकांचे हात धरलेत.

काढायचं तर आईही जाईल. नाही काढलं तर —

आई शेजारी येऊन बसली. लिहू नको म्हणते. मनगट धरलंय. बोटं आईचीच, चुलीचा डाग तोच. जोर आईचा ना