भाऊसाहेबांच्या मोटारीचे पॉलिश

२८ एप्रिल १९३५, रविवार.
भाऊसाहेब वकिलांची मोटार कोल्हापूरहून आली. काळी, सेकंडहँड. आणणारा ड्रायव्हर लगेच परत गेला. भाऊसाहेब म्हणाले, अक्षय तृतीयेला मोटारीची पूजा. तोवर जो तिला आरशासारखी करील त्याला ड्रायव्हिंग शिकायला कोल्हापूरला धाडीन. उमेदवार दोन. मी, अकरा वर्षे त्यांच्याकडे असलेला कारकून, आणि बागेतला गडी धाकू. म्हणजे उमेदवार एकच. सौ. गोदाला सांगितले, अर्जांच्या नकला करायचे दिवस संपले. ती म्हणाली, बघू. उत्तेजन म्हणून नाही.

३० एप्रिल.
वॅक्सच्या डब्याबरोबर इंग्रजी बुक आले आहे. नवे वॅक्स लावण्याआधी जुने वॅक्स, डांबर, धूळ सगळे काढून रंग स्वच्छ करावा. सायंटिफिक. त्यासाठी एक वेगळी बाटली लागते, ती मुंबईस मिळते. आमच्याकडे राख आहे. सौ. घरच्या समया राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासते, त्यात तोंड दिसते. समई काय, मोटार काय, शेवटी धातूच. बुकाची पुढची पाने वाचण्याची गरज वाटली नाही.

धाकूने टोकलेच. पूर्वी तो मुंबईत कुणा शेठच्या मोटारी धूत असे. म्हणाला, "पंत, ह्या भांडा न्हाय, वर रंग हाय. सावलीत पान्यानं धुवा, मऊ फडक्यानं पुसा." मत्सर, दुसरे काय.

१ मे, दुपारी १.
ऐन उन्हात दोन तास घासली. ओली असताना अप्रतिम दिसते. अकरा वर्षे फुकट घालवली.

१ मे, संध्याकाळी.
वाळल्यावर करडी पडली. बॉनेटभर ओरखडे. सौ.ने राख चाळून दिली नव्हती. घरातूनच दगा झाल्यावर माणसाने करायचे काय?

३ मे.
उपाय सापडला. खोबरेल. सगळीकडे चोळले, चमक परत. त्यावर वॅक्स. बुकात म्हटले आहे, वाळल्यावर पुसावे. सकाळपासून वाट पाहतो आहे, वाळत नाही. वॅक्सवाल्यांनीही फसवले. धाकू लांबून बघत होता. हेच संशयास्पद.

४ मे.
अजून चिकट. उद्यापर्यंत वाळेल. सौ.कडून ट्रंक झाडून घेतली. कोल्हापूरला थंडी असते का, विचारले पाहिजे.

५ मे, अक्षय तृतीया.
सकाळी वारा सुटला. रस्त्यावरची सगळी तांबडी धूळ येऊन मोटारीला चिकटली. पाहुणे जमले तेव्हा मोटार मुळात काळी आहे हे सांगावे लागले. भाऊसाहेबांनी हात फिरवला, तो नव्या उपरण्याला पुसला, उपरणे पाहिले. विचारले, हे कुणी केले?

माझ्या तोंडून धाकूचे नाव गेले. मी घेतले असे नाही, गेले. भाऊसाहेबांनी त्याला दोन दिवसांत बागेतली झोपडी रिकामी करायला सांगितले. धाकूने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. निर्दोष असता तर बोलला असता. मला थोडे वाईट वाटले, पण तृतीयेच्या दिवशी मन शांत ठेवावे.

६ मे.
जेवण गेले नाही. उकाड्यामुळे. धाकूची बायको सोनूबाई मडकी बांधताना दिसली. तो रस्ता सोडून फिरून कचेरीत गेलो. सौ. कालच्या प्रसादाची ताटे परत करायला वकिलांकडे गेली आहे. बराच वेळ झाला.

६ मे, रात्री.
बोलावणे आले. भाऊसाहेबांना सगळे ठाऊक. राख, शेंडी, खोबरेल, क्रमवार. सौ.ने सांगितले! लग्नाला चौदा वर्षे झाली, आणि परक्याच्या ओटीवर उभी राहून स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध साक्ष! घरी येऊन जाब विचारला. ती भात वाढत होती. म्हणाली, "अहो, तुमचा नुसता मान जाणार होता. त्याचं घर जात होतं." मी जेवलो नाही. नंतर जेवलो.

७ मे.
निश्चय: सौ.शी आठ दिवस अबोला.

७ मे, दुपारी.
तिने आधीच धरला आहे.

९ मे.
धाकू राहिला. त्याने सावलीत मोटार धुतली, साबणाने तेल उतरवले, मऊ फडक्याने पातळ वॅक्स दिले. ओरखडे आहेतच, पण लांबून दिसत नाहीत. शनिवारी तो ड्रायव्हिंग शिकायला कोल्हापूरला जातो आहे. मला काढले नाही. भाऊसाहेब म्हणाले, तुमचे अक्षर चांगले आहे.

त्याच अक्षरात आज धाकूचे सर्टिफिकेट लिहायला लावले. नाव, गाव, वय. पुढे वर्तणूक. भाऊसाहेबांनी सांगितले, लिहा: विश्वासू. मी टाक बुडवला. पुन्हा बुडवला. दोनदा विचारले, हाच शब्द ना? हाच.

लिहिला. धाकूला वाचता येत नाही. त्याने विचारले, काय लिवलाव? वाचून दाखवले. तो म्हणाला, "तुमी लिवलाव म्हंजे बराच आसंल." आणि अंगठा उठवून कागद दोन्ही हातांनी घेऊन गेला.

अर्जांच्या तीन नकला राहिल्या होत्या. त्या केल्या.